डीबी-वन की डीबी-टू?

सर्व्हरवर पॅच लावायच्या आधी टीममध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो: बॅकअप आहे ना? ‘आहे’ असं कुणीतरी म्हणतं आणि काम पुढे सरकतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत हा प्रश्न कुणी विचारला असता, तर डेटा सांभाळायच्या एकूण पाच सोयी आहेत असं उत्तर आलं असतं, आणि उत्तर देणाऱ्याने ते खरं मानूनच दिलं असतं. त्या रात्री पाचांपैकी एकाही सोयीवर भरवसा ठेवता आला नाही.

गिटलॅब म्हणजे प्रोग्रामर मंडळींनी आपला कोड ठेवायची आणि त्यातल्या चुका, सुधारणा यांवर एकमेकांशी बोलायची जागा. कंपनीचे लोक जगभर आपापल्या घरून काम करतात. त्यांचं संकेतस्थळ तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर क्लाउडवर, भाड्याच्या सर्व्हरांवर चालत होतं. त्या रात्री कुणी सर्व्हर हॅक केला नाही, डिस्क जळली नाही, वीज गेली नाही. जे घडलं ते एका जाणकार माणसाच्या हातून, नेहमीचं काम करताना, रात्री साडेअकराच्या सुमारास दिलेल्या एका आदेशाने घडलं. कंपनीने त्याचा सगळा हिशेब नंतर जगासमोर मांडला, म्हणून हा घटनाक्रम आज लिहिता येतो. वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या आहेत. आपल्या घड्याळासाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे.

सुमारे एक वर्ष आधी

मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीवर चालत होता. एका वेळी किती जोडण्या स्वीकारायच्या याचा आकडा त्याच्या सेटिंगमध्ये ८००० असा भरलेला होता. हा आकडा अवाच्या सवा होता. पण डेटाबेस चालत होता, तक्रार नव्हती, म्हणून जवळपास वर्षभर त्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

जुने सिस्टीम ॲडमिन पॅच लावायच्या आधी सर्व्हर एकदा नुसताच रीबूट करून बघतात. नवख्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण चालू असलेलं मशीन बंद केल्यावर पुन्हा चालू होतं का, हे पॅचच्या आधी कळलेलं बरं असतं. नाहीतर मशीन उठलं नाही की दोष पॅचवर येतो, आणि खरं दुखणं, जे कुठल्यातरी जुन्या सेटिंगमध्ये दबा धरून बसलेलं असतं, ते शोधण्यात रात्र जाते.

आदल्या काळात, दर २४ तासांनी

दिवसातून एकदा एक ठरलेलं काम आपोआप चालायचं. डेटाबेसमधला सगळा मजकूर पीजी-डंप या साधनाने बाहेर काढायचा आणि ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत ठेवून द्यायचा. हाच त्यांचा नेहमीचा बॅकअप.

डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा. पीजी-डंपची कुठली आवृत्ती वापरायची हे गिटलॅबचं पॅकेज त्या मशीनवरच्या डेटाबेसच्या फोल्डरकडे बघून ठरवायचं. पण हे काम चालत होतं ॲप्लिकेशनच्या सर्व्हरवर, जिथे डेटाबेसचं फोल्डरच नव्हतं. मग पॅकेज आपलं मूळ गृहीत धरायचं आणि ९.२ आवृत्ती उचलायचं. ९.२ चं साधन ९.६ च्या डेटाबेससमोर उभं राहायचं, आवृत्ती जुळत नाही म्हणून चूक दाखवायचं आणि थांबायचं. बॅकअप तयारच व्हायचा नाही.

काम फसलं की त्याची ईमेल जावी अशी व्यवस्था होती. ईमेल निघायचीही. पण ती डीमार्क नावाच्या, ईमेल पाठवणारा खरा आहे की नाही हे ताडून बघणाऱ्या तपासणीत अडकायची, आणि समोरचा मेल सर्व्हर ती नाकारायचा. बॅकअप होत नव्हता आणि होत नाही हे सांगणारा निरोपही पोचत नव्हता. माझ्या मते दुर्घटनेचं खरं मूळ इथे आहे. रात्री साडेअकराच्या एका आदेशापेक्षा हे जास्त गंभीर आहे, कारण तो आदेश थकव्याच्या एका क्षणात गेला आणि हे मात्र भर दिवसा, रोज, सगळे ताजेतवाने असताना घडत होतं. चूक झाल्याची ईमेल आली नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे, असा समज टीमने करून घेतला होता. एस-थ्रीचं खातं उघडून आजची फाइल आहे का आणि तिचं वजन किती भरतं, एवढं कुणी बघितलं असतं तरी सगळं उघड झालं असतं.

१७:२० – सहा तास उरले

एका इंजिनिअरला पीजी-पूल हे साधन वापरून बघायचं होतं. डेटाबेसवरचा भार अनेक मशीनवर वाटता येतो का, हा हेतू. प्रयोग अर्थातच खऱ्या डेटाबेसवर करायचा नव्हता. चाचणीसाठी वेगळं ठेवलेलं ‘स्टेजिंग’ नावाचं वातावरण होतं, तिथे करायचा होता. त्यासाठी तिथला डेटा ताजा हवा होता. अशी प्रत एरवी रोज रात्री एक वाजता आपोआप तयार व्हायची. पण इंजिनिअरला रात्री एकची शिळी प्रत नको होती. म्हणून त्याने हाताने, वेळापत्रकाबाहेर, मुख्य डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट घेतला, म्हणजे त्या क्षणीची डिस्क जशीच्या तशी टिपून ठेवली, आणि तो स्टेजिंगवर उतरवला.

बॅकअप म्हणून हे केलेलंच नव्हतं. पुढे कंपनीकडे जे काही उरलं, ते या कामामुळे उरलं.

१९:०० – साडेचार तास

डेटाबेसवरचा भार अचानक चढला. स्पॅम करणाऱ्यांचा उपद्रव असावा असा अंदाज होता. तसे हल्ले आठवडाभर चालू होते, पण या संध्याकाळी जोर जास्त होता. वापरणाऱ्यांच्या प्रतिक्रिया नोंदल्या जाईनात. टीम स्पॅमवाल्यांना अडवण्याच्या मागे लागली.

भार वाढायला आणखी एक कारण होतं, ते नंतर समजलं. गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं कुणीतरी गैरवापराचं म्हणून नोंदवलं होतं. ती नोंद चुकून मान्य झाली आणि त्या खात्याचा सगळा डेटा पुसायचं काम पार्श्वभूमीवर सुरू झालं. कंपनीच्या जुन्या माणसाच्या खात्याला किती गोष्टी जोडलेल्या असतील याची कल्पना करावी. त्या एकेक करून पुसल्या जात होत्या आणि डेटाबेस त्या ओझ्याखाली वाकत होता.

पुढचे काही तास भार आटोक्यात आणण्यातच गेले.

२३:०० – अर्धा तास

रात्र झाली होती आणि काम करणारा इंजिनिअर आता आवरतं घ्यायच्या विचारात होता. तेवढ्यात नवी अडचण आली.

गिटलॅबकडे डेटाबेसची दोन मशीन होती. मुख्य मशीन डीबी-वन, आणि त्याची क्षणाक्षणाला नक्कल करत राहणारं दुय्यम मशीन डीबी-टू. मुख्य मशीनवर जो बदल होईल त्याची आधी एका नोंदवहीत नोंद होते, आणि दुय्यम मशीन ती नोंदवही वाचत वाचत स्वतःला अद्ययावत ठेवतं. भार वाढल्यामुळे डीबी-टू मागे पडलं. इतकं मागे, की त्याला हवी असलेली नोंदवहीची पानं डीबी-वनने जागा मोकळी करण्यासाठी टाकूनही दिली होती. जुनी पानं दुसरीकडे जपून ठेवायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. गिटलॅब ती वापरत नव्हतं. नक्कल तुटली. आता एकच उपाय: डीबी-टूवरचं डेटाचं फोल्डर पूर्ण पुसायचं आणि डीबी-वनवरून सगळा डेटा नव्याने उतरवून घ्यायचा.

इंजिनिअर डीबी-टूवर गेला, फोल्डर पुसलं, आणि उतरवून घेणारं पीजी-बेसबॅकअप हे साधन चालवलं. पहिल्या वेळी पुसलं ते योग्य मशीनवरचंच होतं.

साधन काहीच बोलेना. सविस्तर सांग असा पर्याय देऊनही पडदा रिकामाच. काही प्रयत्नांनंतर एवढं कळलं की नक्कल करणाऱ्यांसाठी डीबी-वनवर ठेवलेल्या जोडण्या कमी पडतात. ती मर्यादा ३ होती, ती ३२ केली. सेटिंग लागू करायला पोस्टग्रेस रीस्टार्ट करावा लागला, आणि तो उठेना. सेमाफोर, म्हणजे जोडण्यांच्या प्रमाणात ऑपरेटिंग सिस्टीमकडून घ्यावी लागणारी साधनं, फार झाले म्हणून तक्रार करू लागला. वर्षभर निमूट बसलेला ८००० चा आकडा आता आडवा आला. तो २००० वर आणला, तेव्हा डेटाबेस उठला.

म्हणजे दुय्यम मशीन दुरुस्त करायला बसलेला माणूस आता मुख्य मशीनवरही हात घालत होता. दोन्ही मशीनची नावं एका अंकाने वेगळी. एका खिडकीत डीबी-वन, दुसऱ्या खिडकीत डीबी-टू, दोन्हींत तोच काळा पडदा आणि तीच पांढरी अक्षरं. ज्यांनी रात्री अशा दोन खिडक्या उघड्या ठेवून काम केलं आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

इतकं करूनही पीजी-बेसबॅकअप गप्पच. ते नेमकं कुठे अडलंय हे बघण्यासाठी एका इंजिनिअरने ते एस-ट्रेस या साधनाखाली चालवून बघितलं. ते कशाची तरी वाट बघतंय एवढंच दिसलं. खरं तर त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. मुख्य मशीन डेटा पाठवायला सुरुवात करीपर्यंत हे साधन असंच मुकाट थांबून राहतं. टीममधल्या दुसऱ्या एका इंजिनिअरला हे ठाऊक होतं. तो त्या वेळी हजर नव्हता. कंपनीच्या कार्यपुस्तिकेत ते लिहिलेलं नव्हतं आणि त्या साधनाच्या अधिकृत माहितीतही स्पष्ट दिलेलं नव्हतं. धीर धरून थांबायचं होतं. पण रात्रीच्या त्या वेळी, तासन्‌तास झगडल्यावर, गप्प बसलेल्या पडद्याकडे बघत थांबणं सोपं नसतं.

साडेअकराच्या सुमारास

इंजिनिअरला वाटलं की आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत डीबी-टूच्या फोल्डरमध्ये काही फायली तयार झाल्या असतील, आणि फोल्डर रिकामं नसल्यामुळे साधन अडून बसलं असेल. ते पुन्हा पुसून टाकू. त्याने आदेश दिला. लिनक्सवर हा आदेश ‘खात्री आहे का?’ असं विचारत नाही.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की ही खिडकी डीबी-वनची आहे.

त्याने आदेश थांबवला. तोपर्यंत ३०० जीबीच्या आसपास डेटा गेला होता; उरला तो साधारण साडेचार जीबी. दुय्यम मशीन थोड्याच वेळापूर्वी पुसलेलं होतं, तेही नियमाप्रमाणे, हाताने. मूळ आणि नक्कल, दोन्ही रिकामी.

पुढची मिनिटं

टीमच्या स्लॅक या चॅटवर मदतीची हाक गेली आणि बॅकअपचा शोध सुरू झाला. गावात पाच विहिरी आहेत म्हणून निर्धास्त राहावं आणि आग लागल्यावर एकेका विहिरीतून पोहरा कोरडाच वर यावा, तसं झालं.

एस-थ्रीमधली जागा उघडली. ती रिकामी होती. रोजचा पीजी-डंप शोधला. तो का नाही हे तेव्हा, त्या धावपळीत, उलगडलं. ॲझ्युरचे डिस्क स्नॅपशॉट? ते फायली ठेवणाऱ्या सर्व्हरांसाठी चालू होते, डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी नव्हते, कारण डेटाबेसला इतर बॅकअप आहेत ते पुरेसे आहेत असं वाटलं होतं. प्रत्येक सोय दुसरीच्या भरवशावर ढिली सोडलेली. दुय्यम मशीन तर पुसलेलंच होतं.

राहिला एलव्हीएम स्नॅपशॉट. वेळापत्रकातला शेवटचा रात्री एकचा, म्हणजे साडेबावीस तास जुना. आणि १७:२० ला प्रयोगासाठी घेतलेला, स्टेजिंगवर पडून असलेला, सहा तास जुना. त्यातही एक उणीव होती: स्टेजिंगवर उतरवताना वेबहुक, म्हणजे बाहेरच्या यंत्रणांना निरोप पाठवणाऱ्या जोडण्या, मुद्दाम काढून टाकल्या जात, चाचणीतून खरे निरोप जाऊ नयेत म्हणून. तरीही सहा तास जुनी प्रत हाती होती, हेच त्या रात्रीचं मोठं दैव.

१ फेब्रुवारी, मध्यरात्रीपासून संध्याकाळपर्यंत

स्टेजिंगचे सर्व्हर ॲझ्युरच्या जुन्या, हळू वर्गातल्या डिस्कवर होते. वेग सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास. तो वाढवायला काहीच मार्ग नव्हता. डेटा परत यायला सुमारे १८ तास लागले. चाचणीच्या मशीनवर पैसे वाचवणं सगळीकडेच चालतं आणि एरवी त्यात वावगंही नाही. पण संकटात आपला डेटा नेमक्या याच मशीनवरून परत आणावा लागेल हे कुणी गृहीत धरलेलं नव्हतं. ‘बॅकअप आहे का’ याच्या पाठोपाठ ‘परत आणायला किती तास लागतील’ हेही विचारायचं असतं, आणि घड्याळ लावून एकदा मोजायचं असतं.

या १८ तासांत गिटलॅबने जे केलं त्याचा मला आजही आदर वाटतो. काय घडलं, कुठला बॅकअप का फसला, पुढे काय करतोय, हे सगळं कंपनीचे लोक एका उघड्या दस्तऐवजात लिहीत राहिले. यूट्यूबवर दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण केलं आणि हजारो लोकांनी ते पाहिलं. आपल्याकडे बँकेचं ॲप बंद पडलं तर ‘तांत्रिक अडचण’ या दोन शब्दांपलीकडे ग्राहकाला काही कळत नाही. गिटलॅबने लपवलं असतं, तर पीजी-डंपच्या आवृत्तीची ती गोष्ट आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

डेटाबेस लोकांसाठी उघडण्यापूर्वी प्रत्येक नोंदीला मिळणाऱ्या क्रमांकांची मालिका एक लाखाने पुढे सरकवली, हरवलेल्या नोंदींचे क्रमांक नव्या नोंदींना मिळून गोंधळ होऊ नये म्हणून. इतक्या दमलेल्या अवस्थेत कुणाला तरी हे सुचलं.

संध्याकाळी १७:०० च्या सुमारास डेटाबेस परत आला, वेबहुकशिवाय. पुढच्या तासाभरात तेही जागेवर आणून, सगळं तपासून, संकेतस्थळ उघडलं. भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

हिशेब

३१ जानेवारीच्या १७:२० नंतर त्या रात्री डेटाबेसमध्ये जे जे नोंदलं गेलं ते कायमचं गेलं. कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ५००० प्रकल्प, ५००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती यांना त्याची झळ बसली. लोकांचा कोड वेगळ्या सर्व्हरांवर होता, तो वाचला.

ज्याच्या हातून आदेश गेला त्या इंजिनिअरला दोषी ठरवून प्रकरण मिटवता आलं असतं. कंपनीने आपल्या अहवालात तसं केलं नाही. बॅकअप परत उतरवून बघायची चाचणी नियमित का होत नव्हती, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर असं सापडलं: हे काम कुणा एकाच्या नावावर नव्हतं, म्हणून ते कुणाचीच जबाबदारी नव्हतं. मग दुरुस्त्या ठरल्या. सगळ्या मशीनच्या कमांड ओळी अशा बदलायच्या की आपण कुठल्या मशीनवर आहोत हे ठळक दिसेल. स्नॅपशॉट दर तासाला घ्यायचे. बॅकअप नुसते साठवायचे नाहीत, ते परत उतरतात की नाही याची आपोआप चाचणी व्हायला हवी. आणि डेटा सुरक्षित राहण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे द्यायची.

हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत रात्रपाळीला बसून परदेशातल्या कंपन्यांच्या सर्व्हरांवर पॅच लावणारी हजारो मराठी मुलं-मुली आहेत. तिकडे रात्र असो वा इकडे, मेंटेनन्सची वेळ ठरलेली असते, चेकलिस्ट समोर असते, आणि बदलाला मंजुरी देणाऱ्याने सही केलेली असते. डिस्कवर जागा आहे का, सेवा चालू आहेत का, लॉगमध्ये जुन्या चुका आहेत का, स्नॅपशॉट घेतला का. हे सगळं तपासलं जातं आणि तपासावंच. पण बहुतेक याद्यांमध्ये बॅकअपच्या ओळीसमोर ‘हो’ लिहायला जागा असते. तो शेवटचा कधी आणि कुणी परत उतरवून पाहिला, हे लिहायला जागा नसते.

तेव्हा त्या सगळ्यांना आणि त्यांच्या टीम लीडना माझी विनंती आहे. पुढच्या पॅचच्या आधी, भर दिवसा, गेल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या एका मशीनवर उतरवा. डेटाबेस उठतो का बघा, एखाद्या टेबलातल्या नोंदी मोजा, किती वेळ लागला तो लिहून ठेवा. चूक झाल्यावर येणारी ईमेल खरंच येते का, हे मुद्दाम एक चूक घडवून तपासा. मुख्य मशीनच्या खिडकीला लाल रंग द्या. रात्री काही पुसायची वेळ आली तर आदेश लिहा, एंटर दाबायच्या आधी जागा असलेल्या दुसऱ्या सहकाऱ्याला मशीनचं नाव मोठ्याने वाचायला लावा. आणि बॅकअपच्या ओळीसमोर एका माणसाचं नाव घाला. ते नाव मिळेपर्यंत पॅच थांबवायची वेळ आली, तर थांबवा.